अक्काची रास

५ फेब्रुवारी

आज वृश्चिकला लिहिलं, ‘खोकला रेंगाळेल. गरम पाणी प्यावे. चपलेचा तुटका अंगठा शिवून घ्यावा, पडण्याचा संभव.’ वृश्चिक माझी स्वतःची रास. बाकीच्या अकरा जणांसाठी डोकं खाजवावं लागतं, स्वतःच्या राशीला तेवढे कष्ट कोण घेतो? काल माझं जे झालं ते आज भविष्य म्हणून ढकलून देतो. निदान एका राशीचं तरी खरं असतं.

ज्योतिषीबुवांना जाऊन आठ महिने झाले. आठवड्याच्या बारा राशी ते एका पाकिटात घालून पाठवायचे. शेवटच्या पाकिटात त्यांनी स्वतःच्या राशीला ‘दूरच्या प्रवासाचा योग’ लिहिला होता, आणि तेवढं एकच त्यांचं शब्दशः खरं ठरलं. साहेब, म्हणजे आमचे संपादक, मला म्हणाले, "नवा मिळेपर्यंत तू बघ." नवा कोणी शोधलाच नाही. वर फोटो बुवांचा, खाली मजकूर माझा. तीस वर्षं उपसंपादक म्हणून दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या थापा काढून टाकल्या आणि उतारवयात स्वतः हे धंदे! पान आठ, खालचा उजवा कोपरा. छापायला जाण्याआधी तो कोपरा आमच्याकडे कोणी वाचत नाही. भविष्य तपासणार तरी कशाशी ताडून?

ही वही अशासाठी, की दिवसभर बारा राशींच्या लोकांशी बोलतो आणि घरी आल्यावर बोलायला तेरावं कोणी नसतं.

९ फेब्रुवारी

दुपारी भाचीचा फोन. ती नर्स आहे, जेवणाच्या सुट्टीत आईला चोरून मला फोन करते. "मामा, ऐक ना. आई डोळे तपासून आली. सहा महिने मी कानीकपाळी ओरडतेय, ढिम्म हलली नाही. आणि काल म्हणे राशीत आलंय!"

मी "असं का?" म्हणालो. आणखी काय म्हणणार? परवा कर्कला ‘डोळ्यांची हेळसांड नको, तज्ज्ञांना दाखवावे’ मीच लिहिलं होतं. कर्क अक्काची रास. गुडघे जपा, जिना उतरताना कठडा धरा, रात्री गोळी चुकवू नका, सगळं मी कर्कमधून सांगतो. भाचीला यातलं काही माहीत नाही. जगातल्या बाकीच्या कर्कवाल्यांचेही गुडघे त्यामुळे बरे असतील, तर चांगलंच आहे.

अक्का माझ्याशी चार वर्षं बोललेली नाही. आज लिहूनच टाकतो, छातीवरचं ओझं तरी उतरेल. भावोजींचं औषधांचं दुकान होतं. तपासणीत पाच दुकानांत मुदत संपलेली औषधं सापडली, त्यात एक त्यांचं. सात ओळींची बातमी, पाच नावं. त्या दिवशी पान माझ्याकडे होतं. अक्काचा फोन आला. ओरडली नाही की रडली नाही. म्हणाली, "चार छाप. पाचवं राहू दे. तेवढंच मागते." मी म्हणालो, "अक्का, फोनवरून पान बदलत नाही."

पाचही छापली. दुकान बंद पडलं. दीड वर्षाने भावोजी गेले. मी गेलो होतो. अक्काने आलेल्या सगळ्यांना पाणी दिलं. ग्लासांचा ट्रे माझ्यापुढून तसाच पुढे गेला.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, अक्का अठराची. माझे केस विंचरून मला शाळेत धाडणारी ती. बातमी खरी होती, अजूनही मी तेच म्हणेन. पण खरं छापल्यावर माणूस इतका एकटा पडतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

भाची संध्याकाळी दारात उभी. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि नवी चप्पल, अगदी माझ्या मापाची. म्हणाली, "आईकडे पडून होतं." म्हटलं, आईकडे माझ्या मापाची चप्पल पडून होती? तर हसली आणि विषय बदलला. फोनवर माझा खोकला ऐकला असेल, नर्सच ती. आईचं नाव सांगितलं की मला बरं वाटतं हे तिला ठाऊक आहे. गुणी पोर आहे.

ती गेल्यावर सवयीने बाटलीवरची मुदत बघितली. दोन वर्षं पुढची होती. बघितली याचीच मग लाज वाटली.

१५ फेब्रुवारी

आज जाहिरात विभागातला अत्तर आमच्या खोलीत आला. हे नाव आम्ही ठेवलंय, कारण तो यायच्या आधी त्याचा वास येतो. वाईट माणूस नाही, पण प्रत्येक गोष्ट त्याला मोकळा प्लॉट दिसते. त्याने वाचकांची पाहणी करून घेतली होती. अग्रलेख शंभरात चार जण वाचतात. राशीभविष्य एकाहत्तर. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता, अग्रलेख ते स्वतः लिहितात.

तर योजना अशी. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी नवी वसाहत होतेय. तिची पानभर जाहिरात रोज पान नऊवर येणार, आणि समोरच्या पान आठवर तीन आठवडे पाच राशींना घराचा योग येणार. कुठेही ‘जाहिरात’ असा शब्द नाही.

"हे बरोबर नाही," मी म्हणालो.

"अहो, राशीभविष्य म्हणजे बातमी का?" अत्तर म्हणाला. "तसंही ते तुम्ही मनानेच लिहिता ना? मग थोडं आमच्या मनाने लिहा."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेल्या महिन्यात दोन माणसं घरी पाठवली मी. आणखी पाठवायची नाहीयेत. लिही बाबा." आम्ही दोघं एकाच वर्षी इथे लागलो. तेव्हा तो मला ‘अरे’ म्हणायचा आणि मी त्याला ‘अरे’. साहेब झाल्यापासून मी ‘अहो’ म्हणतो आणि तो माझ्याकडे बघायचं टाळतो.

१६ फेब्रुवारी

हो म्हणालो. एका अटीवर. अत्तरच्या यादीत कर्क होती, ती मी काढायला लावली. "का?" म्हणे. मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "कर्क म्हणजे खेकडा. बीळ सोडत नाही. कर्कवाल्यांना घर बदला सांगितलंत तर पेपर बदलतील." त्याने ते वहीत लिहून घेतलं! मग कर्कच्या जागी कुठली, असा प्रश्न आला. मी म्हटलं, वृश्चिक घ्या. माझीच रास, तिथे कोणाचं काय बिघडणार?

म्हणजे अक्का सुखरूप. बाकीच्या लोकांचं काय, हा प्रश्न मी आज वहीत लिहीत नाही.

उद्याची वृश्चिक: ‘भाड्याच्या भिंती परक्या वाटू लागतील. आता एकटे राहणे पुरे. हक्काच्या घराचा योग. जिवाभावाचे माणूस सोबत येईल.’ शेवटची दोन वाक्यं जाहिरातीतली, पहिली दोन माझी. बाकीच्या चार राशींना तास गेला. ही मात्र एका दमात लिहून झाली. खोटं लिहिणं मला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

भाचीचा फोन. आज तिचे प्रश्नच विचित्र. मामा, तुझा घरमालक त्रास देतो का? मामा, संध्याकाळी एकटा काय करतोस? मी म्हटलं, घरमालक देवमाणूस आहे आणि संध्याकाळी मी पंख्याकडे बघतो. तर म्हणाली, "बघ, म्हणजे खरंच आहे." काय खरं आहे, ते सांगेना. लग्न जुळवतेय की काय माझं? या वयात! नको गं बाई.

मग जाता जाता म्हणाली, "आई हल्ली सकाळी पेपर उघडला की आधी पान आठ काढते. वाचते आणि बराच वेळ तशीच बसते." कर्कला मी काल फक्त ‘पाणी भरपूर प्यावे’ लिहिलं होतं. त्यात बसून राहण्यासारखं काय आहे कोण जाणे.

२४ फेब्रुवारी

बुवांच्या नावाने पत्र आलंय. निवृत्त शिक्षक, रास तूळ. अक्षर मोत्यासारखं. ‘आपण पाच दिवस सलग गृहयोग सांगितलात. आम्ही उभयता साशंक होतो. परंतु आपल्या वृत्तपत्रात सहसा चुकीचे येत नाही, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून काल नवीन वसाहतीत नाव नोंदवले.’

आपल्या वृत्तपत्रात सहसा चुकीचे येत नाही. तीन वेळा वाचलं. पत्र मेलेल्या माणसाला लिहिलेलं आणि लाज मला वाटतेय. साहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं.

२७ फेब्रुवारी

आगीतून फुफाट्यात. आमच्याकडे कोर्टाच्या बातम्या आणणारी एक मुलगी आहे, कोर्टवाली म्हणतात तिला. कॅन्टीनमध्ये चहाचा कप आपटून म्हणाली, "तुमच्या त्या वसाहतीच्या जागेवर दावा चालू आहे. बांधकामाला मनाई आहे. लोकांकडून पैसे मात्र घेताहेत. दहा दिवस झाले बातमी देऊन, साहेबांच्या खणात पडलीय."

"माझी वसाहत नव्हे ती," मी म्हणालो.

"मग कोणाची? तूळवाल्यांची?"

तिला ठाऊक आहे तर! पोरगी बोलते फटकळ, पण खोटं नाही बोलत. चहा तसाच टाकून उठलो. संध्याकाळी तूळ, सिंह, मीन, वृषभ, वृश्चिक, पाचही राशींना नेहमीचा योग लिहून दिला. होय, दिला. हात थांबला नाही. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हे लिहून ठेवतो.

२ मार्च

अक्का घर विकतेय.

भाची फोनवर रडत होती. सहा तारखेला खरेदीखत. गिऱ्हाईक अक्कानेच शोधलं आणि शेवटपर्यंत लेकीला पत्ता लागू दिला नाही. येणाऱ्या पैशांतून त्याच वसाहतीत घर घेणार. "दोन बेडरूमचं, मामा! मी म्हटलं, एकटीला दोन कशाला? तर म्हणते, लागेल."

फोन ठेवला आणि ऑफिसातल्या फायली काढून बसलो. सोळा फेब्रुवारीपासूनचे सगळे अंक. कर्क, कर्क, कर्क. एकेक ओळ वाचली. घराचा उल्लेख कुठेच नाही. एके दिवशी ‘घरातील दिवे बदलून घ्यावेत’ आहे, तो प्रकाशासाठी, तिच्या डोळ्यांसाठी. मग हिच्या डोक्यात हे आलं कुठून? पान नऊची जाहिरात बघून? अक्का जाहिरातीला भुलणारी नाही. साबण घेतानाही तीन दुकानं फिरते.

ते घर गेलं तर तिच्याकडे दुसरं काही नाही. दुकान माझ्या सात ओळींनी गेलं. आता घर.

३ मार्च

भाचीला सगळं सांगितलं. जागेचा दावा, मनाई, आणि राशी मी लिहितो हेसुद्धा. ती म्हणाली, "थांब, मी आईकडेच आहे. ती स्वयंपाकघरात आहे, मी फोन घेऊन आत जाते."

चार वर्षांनी अक्काचा आवाज ऐकला. भाची आईला एकेक सांगत होती, आणि मागून ती:

"त्याला विचार, फोनवरून पान बदलतं का?"

भाची म्हणाली, "आई, अगं असं काय! तो तुझ्या भल्याचं..."

"त्याला म्हणावं, खरं असेल तर छाप. छापलं होतंस ते खरं होतं ना? मग आताही छापलेलंच खरं. कानात येऊन सांगितलेलं मी ऐकत नाही. तोही ऐकत नव्हता."

भाचीने बराच वाद घातला. उपयोग झाला नाही. सहा तारखेला सकाळी अकरा वाजता सही.

माझ्याच शब्दांची माळ माझ्याच गळ्यात घातली. राग आला, खरंच आला. सहासष्ट वर्षांची बाई घर घालवायला निघालीय आणि हट्ट कसला, तर छापून आण! पण आवाज किती बारीक झालाय तिचा. पूर्वी तिने हाक मारली की गल्लीच्या टोकाला मी खेळ सोडायचो.

४ मार्च

साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि तीस वर्षांपूर्वीसारखं ‘अरे’ म्हणालो. "अरे, चार ओळी छापू दे. भविष्याच्या जागेतच. पाच राशींचा मजकूर जाहिरातीसाठी होता, एवढंच."

त्याने ऐकून घेतलं. मग खण उघडून दाखवला. कोर्टवालीची बातमी वरच होती. "रोज काढतो, वाचतो, ठेवतो," तो म्हणाला. "चाळीस घरं चालतात या कागदावर. तुझ्या बहिणीला मी स्वतः फोन करतो. घरी जातो हवं तर. पाया पडतो. पण छापायला सांगू नकोस."

"ती फोनवर ऐकत नाही."

"मग दोघं जाऊ."

"आणि तूळवाला मास्तर? त्याच्याकडेही दोघं जाऊ? मीनवाल्यांकडे? एकाहत्तर टक्के लोकांच्या घरी जायला किती दिवस लागतील?"

त्याने डोळे चोळले. "छापलंस तर मला तुला ठेवता येणार नाही," म्हणाला. हे इतकं हळू म्हणाला की मलाच त्याची दया आली. मी बाहेर पडताना तो म्हणाला, "आणि मला विचारून छापू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन." या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा, ते कळलं नाही. घाबरट आहे बिचारा, एवढं खरं.

५ मार्च

सकाळपासून लिहितोय आणि फाडतोय. बारा राशींच्या जागेत एक मजकूर बसवायचा. पहिला मसुदा अग्रलेखासारखा झाला. दुसऱ्यात मी हुतात्मा होतो. चौथ्यात रडलो होतो, तो सगळ्यात वाईट.

शेवटी असं जमलं: ‘या सदराचे ज्योतिषी नऊ महिन्यांपूर्वी निधन पावले. तेव्हापासून येथील मजकूर मी लिहीत आहे. मला ज्योतिषातले काही कळत नाही. १७ फेब्रुवारीपासून तूळ, सिंह, मीन, वृषभ व वृश्चिक या राशींना सांगितलेला घराचा योग खोटा आहे. तो समोरच्या पानावरील जाहिरातीसाठी लिहिला होता. त्यावर विसंबून कोणी सही करू नये, पैसे भरू नयेत. ज्यांनी भरले त्यांची मी क्षमा मागतो.’ खाली माझं पूर्ण नाव. पाच दुकानदारांचं छापलं होतं तसं, पूर्ण.

दुपारी पान आठ लावणाऱ्या बाईंकडे गेलो. आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणतो, कारण वीस वर्षांत त्या ‘किती ओळी?’ याशिवाय कोणाशी काही बोललेल्या नाहीत. त्यांनी मजकूर स्क्रीनवर घेतला. वाचला. वाचताना त्यांना मी प्रथमच पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन ओळी जास्त होताहेत. कुठल्या काढू?"

जास्तीच्या दोन ओळी मीच घातल्या होत्या: ‘हे सर्व वरिष्ठांच्या सांगण्यावरून व संस्थेच्या अडचणीमुळे करावे लागले.’

"नाव जरा लहान टाइपात घेतलं तर बसेल सगळं," त्या म्हणाल्या.

"नाव राहू दे. सबब काढा."

त्यांनी काढली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "माझ्या आईची रास मीन. गेल्या आठवड्यात मीच तिला वाचून दाखवलं." एवढं बोलून पान पाठवून दिलं. मला वाटलं होतं हातपाय कापतील. भूक लागली होती फक्त.

६ मार्च

सकाळी सातपासून फोन. पहिला अत्तरचा. तो ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाला, "माझ्या सासऱ्यांनी नोंदवलंय हो तिथे. मीच सांगितलं होतं." आणि ठेवला. तूळवाल्या मास्तरांचाही आला. त्यांनी मला ‘अहो लेखक’ अशी हाक मारली, दहा मिनिटं शांतपणे झापलं, पुढे काय करायचं ते विचारलं, आणि माझ्या मजकुरात एक स्वल्पविराम कमी आहे हेही सांगितलं. एका बाईंनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण आज धनूला काय आहे?" मी म्हटलं, चांगलं आहे.

ऑफिसात साहेबांनी पत्र हातात ठेवलं. आजपासून कामावर यायचं नाही. सही करताना त्यांचा पेन चालेना, माझा दिला. मग खणातून कोर्टवालीची बातमी काढून त्यांनी तिला हाक मारली. "उद्या, पान एक. आता झाकून काय करायचंय?" मोजपट्टीबाई जिन्यापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

पण अकरा वाजेपर्यंत माझा जीव जागेवर नव्हता. सव्वाअकराला मी बसथांब्यावर उभा असताना भाचीचा फोन आला. "नाही गेली, मामा. पेपर मांडीवर घेऊन बसलीय. गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. नावावरून बोट फिरवतेय सारखी."

तिथेच रडलो. लोक बघत होते. बघू देत.

७ मार्च

अक्काचा फोन. तिच्या स्वतःच्या फोनवरून. ‘हॅलो’ नाही, काही नाही.

"जेवलास?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"मग आधी जेव. मग करते." आणि ठेवला! मी दोन घास कसेबसे गिळले. वीस मिनिटांनी पुन्हा वाजला.

सगळं बोलली. दुकानाबद्दल, भावोजींबद्दल. "ते शेवटपर्यंत म्हणत होते, पोरगा चुकला नाही, चूक दुकानात होती. मलाच ते गिळवेना. सांभाळलेल्या पोराने ऐकलं नाही, त्याचा राग." मग मी विचारलं, जे पाच दिवस मला पोखरत होतं ते.

"अक्का, कर्कला मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही गं. तुझी रास मी साफ ठेवली होती. मग तू फसलीस कशी?"

"कर्क कशाला फसवेल मला? कर्कमध्ये तू गोळ्या घे म्हणायचास, मी घ्यायचे. बुवा गेल्यावर पंधरा दिवसांत ओळखलं मी. कुठला ज्योतिषी कठडा धरून उतरा सांगतो?"

"मग?"

"मी आधी वृश्चिक वाचायचे. रोज. आधी तुझी, मग माझी. खोकला झाला, चप्पल तुटली, पंखा कुरकुरतो, सगळं कळायचं मला. आणि मग एके दिवशी लिहिलंस, एकटं राहणं पुरे. रोज लिहायला लागलास. म्हटलं, पोराला तोंडाने सांगता येत नाहीये. दोन खोल्यांचं घेऊ, त्यात एक त्याला." मग म्हणाली, "मला वाटलंच नाही ते खोटं असेल. स्वतःच्या भावोजींचं नाव ज्याने दाबलं नाही, तो खोटं कशाला लिहील?"

खरं तर त्यातली पहिली दोन वाक्यं, माझी, खोटी नव्हती. ते मला आज कळलं. अक्काला तसं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं.

तिच्याकडे नळ वाहत होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "नोकरी गेली ना? म्हणजे उद्यापासून तू लिहिणार नाहीस."

"नाही."

"मग तू कसा आहेस ते मला कळणार कसं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आठला पेपर येतो," अक्का म्हणाली. "तेव्हा येऊन सांगत जा."